जाळी की काच

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कधी त्या बर्फावरच्या हॉकीचा विषय निघाला की 'आता नीट आठवत नाही' म्हणून मी मोकळा व्हायचो. माझ्या वयाच्या माणसाला ही सोय असते. कोणी पुढे विचारत नाही. प्रत्यक्षात मला सगळं आठवतं, कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं इथपर्यंत.

मुंबईत आइस हॉकी म्हटलं की लोक आधी हसतात. मीही हसलो होतो. मुलगा-सून आमच्याच सोसायटीत राहतात, नात तेव्हा सातवीत होती. सोसायटीच्या मागे सिमेंटचं कोर्ट आहे, तिथे एक सर संध्याकाळी मुलांना स्केटिंग शिकवायचे. तिशीच्या आतला तरुण, गोवंडीहून दोन बस बदलून यायचा, खांद्यावर त्याच्याएवढीच बॅग. बी.कॉम. झाल्यावर एका ऑफिसात वर्षभर काढलं आणि कंटाळून सोडून दिलं, असं तो स्वतःच सांगायचा. चाकांच्या स्केट्सवरची हॉकी तो चांगली खेळलेला होता आणि हिवाळ्यात लडाखला जाऊन बर्फावरची शिकून आला होता. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, पण सगळ्या पालकांचा तो सर, म्हणून माझेही ते सरच. आवाज मोठा, बोलणं एक घाव दोन तुकडे. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. पालकांना ते जरा उर्मट वाटायचे, मला तर नक्कीच.

आधी चाकांवर, मग महिन्यातून एकदा एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंगणात अशी तयारी चालली. ते रिंगण आमच्या सोसायटीच्या हॉलपेक्षा फार मोठं नव्हतं, बाहेर लोक पॉपकॉर्न खात बघत उभे असायचे. पण मुली तरबेज झाल्या, आणि एके दिवशी सरांनी जाहीर केलं की या हिवाळ्यात मुलींची टीम लडाखला न्यायची, तिथल्या मुलींशी सराव सामने खेळायचे. कॉलनीत एकदम लग्नघरासारखं वातावरण झालं. कोणी थर्मल आणतंय, कोणी लोकरीचे मोजे.

मग प्रश्न आला तोंडावर काय घालायचं याचा. या खेळातली चकती असते रबराची, पण गोठवलेली, दगडासारखी. त्यात हातात लांब काठ्या. हेल्मेट डोकं सांभाळतं, चेहऱ्याला वेगळं काहीतरी लागतं. त्यासाठी सरांनी सोसायटीच्या ऑफिसात पालकांना बोलावलं आणि टेबलावर तीन वस्तू मांडल्या.

पहिली अर्धी काच. डोळ्यांपुढे नाकाच्या शेंड्यापर्यंत पट्टी, खाली तोंड उघडं. ही मोठ्या खेळाडूंची. सर स्वतः तीच वापरायचे आणि त्यांच्या हनुवटीवर टाक्यांचा व्रण होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले की ही फक्त दाखवायला आणली आहे, लहान मुलांचा पूर्ण चेहरा झाकायचा, यात चर्चा नाही. दुसरी जाळी, कपाळापासून हनुवटीपर्यंत पोलादी तारांची. तिसरी पूर्ण काच. आपण काच म्हणतो, असतं ते कडक पारदर्शक प्लास्टिक, चेहऱ्याच्या आकाराला वळवलेलं, हनुवटीपाशी श्वासाला भोकं ठेवलेलं.

जाळी कोणालाच आवडली नाही. एक आई म्हणाली, यात माझी मुलगी कुठली ते मला तरी कळेल का. सर म्हणाले, पाठीवर नंबर असतो. मागून कोणीतरी म्हणालं की पोरी खेळायला चालल्यात की जेलात. हशा झाला. सर हसले नाहीत. काही दिवस तारा डोळ्यांना जाणवतात, मग मेंदू त्या विसरतो, एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आपल्याकडे या विषयातला माणूस बसलाय की. काकांना विचारा."

तो माणूस मी. मी सगळी नोकरी भांडुपच्या एका रसायनांच्या कारखान्यात, सेफ्टी विभागात केली. हातमोजे, गॉगल, तोंडावरच्या काचा, कोणाला काय द्यायचं आणि ते नीट राहतं की नाही हे बघायचं, हेच माझं काम. निवृत्त झाल्यावरही सोसायटीत कोणाला गॅसची नळी घ्यायची असो की मुलाला बाइकचं हेल्मेट, माणसं माझ्याकडे यायची. मला ते आवडायचं.

मी उभा राहून बोललो. काच किती मजबूत असते, तिच्यावर काय आदळलं तरी कशी तुटत नाही, जाळीच्या तारांमधून काठीचं टोक कसं घुसू शकतं. चांगलं दहा मिनिटं बोललो असेन. सरांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "काका, काच वाईट नाही. पण तिचे लाड करावे लागतात. आतून एक लेप असतो, श्वासाची वाफ धरू नये म्हणून. तो गेला की पोरगी आंधळी. जाळीला काय, हवा इकडून येते, तिकडून जाते. विषय संपला."

मी म्हणालो, उभी हयात मी माणसांच्या तोंडावर काचा चढवल्यात.

"फॅक्टरीतली काच वेगळी, काका. तिथे कोण बर्फावर पळतंय घामाघूम होऊन?"

यावर सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी म्हणालो, "काचांची निगा मी घेईन. ती जबाबदारी माझी."

मग हात वर झाले आणि काच ठरली. सरांनी खांदे उडवले. जाताना दारात त्यांनी मला थांबवून सांगितलं, "पाणी आणि मऊ कापड. दुसरं काहीही नाही, काका."

त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. निम्मं तेव्हाच पटलं होतं. पण हशा झाला होता, आणि त्यानंतर मागे येणं मला जमलं नसतं. शिवाय फोटोत नातीचा चेहरा दिसावा असं मलाही वाटत होतं. या दोन कारणांना मी मजबुतीचं नाव दिलं.

निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मागवलेल्या सगळ्या काचा माझ्याकडे आल्या. मॉलमधल्या सरावात त्यांच्यावर बोटांचे ठसे उमटले होते. मी पाण्याने एक पुसून पाहिली. डाग राहिले, पुसट पट्टे राहिले. आमच्या घरात आरसे, खिडक्या आणि कपाटाच्या काचा एकाच पद्धतीने पुसतात, काच पुसायचं ते निळं पाणी फवारायचं आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासायचं. दिवाळीच्या आधी ते काम माझंच असतं. कारखान्यातही आम्ही तोंडावरच्या काचा तशाच पुसायचो आणि त्या वर्षानुवर्षं टिकायच्या, कारण त्यांना आतून कसला लेपच नसायचा. हे मला माहीत होतं. लेप असतो हे सरांनी सांगितलं होतं, तेही ऐकलं होतं. तरी माझा हात बाटलीकडे गेला. बायको पेपरचे बोळे करून देत होती, मी घासत होतो, आतून बाहेरून, जोर लावून. पलंगावर जुनी चादर पसरून त्यावर एकेक काच ठेवली. अशा चकाकल्या की त्या तिथे आहेत हे कळू नये.

"तुमच्या सरांना दाखवा," बायको म्हणाली.

मुलाला आणि सुनेला रजा नव्हती, म्हणून नातीबरोबर पालक म्हणून मी गेलो. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण तिथे पोचल्यावर दोन दिवस मी खोलीत पडून होतो, जिना चढलो तरी धाप लागायची. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते मैदान पाहिलं. गोठलेलं तळं, कडेने लाकडी फळ्या, चारी बाजूंना उघडे डोंगर. आमच्या मुली बर्फावर उतरल्या आणि आधी सगळ्या नुसत्या हसत सुटल्या, कारण मॉलमध्ये चार ढांगांत भिंत यायची आणि इथे भिंतच नव्हती. माझी नात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि तिकडूनच ओरडली, "आबा, बघितलंस?" ते मी विसरणार नाही. तिचा चेहरा त्या काचेतून स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, मी जिंकलो.

दहा मिनिटांत तो चेहरा दिसेनासा झाला.

श्वास लागला की काच आतून पांढरी होत होती. मुली थांबून बोटाने पुसायच्या, ते बोटही ओलं, मग काचेवर बर्फ धरायचा. समोर तिथल्या मुली होत्या, सगळ्यांच्या तोंडावर जाळ्या, आणि त्या आमच्या मुलींभोवतीने चकती काढून न्यायच्या. सरांनी खेळ थांबवला, एक काच काढून उन्हात धरली, आतून बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे आले. असं व्हायला नको, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हणालो, इथली थंडी जगावेगळी आहे. तिथे पहिल्यांदा मी खोटं बोललो, पण ते इतकं लहान होतं की मला ते तसं वाटलंही नाही. सरांनी साबणाचा हलका हात फिरवून काचा कोरड्या करून पाहिल्या. तेवढ्यापुरतं बरं झालं. गावात जाळ्या मिळतात का म्हणून ते संध्याकाळभर फिरले, एवढ्या कोणाकडेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सामना होता. नातीची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, आमच्या समोरच्या विंगमधली. तिचे वडील बँकेत आहेत, मूळचे अकोल्याकडचे. दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून आमच्याकडे खीर येते. ही मुलगी टीममधली सगळ्यात वेगवान. खेळ रंगात आला आणि तिची काच गच्च पांढरी झाली. तिने पळता पळताच बाजूचे पट्टे सोडले आणि काच कपाळावर उचलली. सर कडेवरून ओरडले, खाली घे, खाली घे. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. चकतीसाठी दोघी वाकल्या, समोरच्या मुलीची काठी वर आली आणि हिच्या तोंडावर बसली.

समोरचे दोन दात गेले, ओठ फाटला. सरांनी तिला उचललं आणि स्केट्ससकट धावत गाडीपर्यंत नेलं. बर्फावर पडलेले दात शोधायला तिथल्या मुली गुडघ्यांवर बसल्या होत्या. मी फळीला धरून उभा होतो. मला तेव्हाच कळलं होतं. तो निळा रंग, तो पेपरचा बोळा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं.

मुंबईत परतल्यावर पुन्हा त्याच ऑफिसात बैठक झाली. मुलीचे वडील शांत माणूस, पण त्या दिवशी ते आवाज चढवून बोलले. समोरचं दिसत नाही हे माहीत असताना मुलींना बर्फावर का उतरवलं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सर म्हणाले की मी जाळीच सांगितली होती, आणि उतरवलं ही माझी चूक आहे, ती मान्य. पण वाफ धरायला नको होती. लेप होता. मग ते माझ्याकडे वळले.

"काका, कशाने पुसल्या होत्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको शेजारच्या खुर्चीवर होती.

"तुम्ही सांगितलं तसंच," मी म्हणालो. "पाण्याने."

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने पदर सारखा केला आणि टेबलाकडे बघत राहिली.

त्यानंतर गोष्ट आपोआप पुढे गेली. पाण्याने पुसून लेप जात नाही, म्हणजे लेप नव्हताच. लेप नव्हता म्हणजे माल डुप्लिकेट. सरांनी कुठून तरी हलका माल आणून आपल्या गळ्यात मारला, असं आधी जिन्यात आणि मग दुधाच्या केंद्रावर लोक बोलायला लागले. मी ऐकायचो आणि पिशवी घेऊन घरी यायचो.

एका संध्याकाळी सर आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "काका, तुम्ही या लायनीतले. माल ओरिजिनल होता एवढं तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "बघतो."

एवढंच. ते जिना उतरून गेले. पुढच्या आठवड्यात सोसायटीने त्यांना कोर्ट द्यायचं बंद केलं.

बायकोने मला त्याबद्दल एकदाच विचारलं, कधी सांगणार म्हणून. मी म्हणालो, आता सांगून मुलीचे दात परत येणार आहेत का. पण त्या वर्षीपासून दिवाळीत ती मला पेपरचे बोळे करून देत नाही. आरसे ती स्वतः ओल्या फडक्याने पुसते, पट्टे राहतात, आणि त्या पट्ट्यांतून मी दाढी करतो.

मुलींनी खेळ सोडला नाही, हे मात्र आनंदाने सांगतो. दात बसवून झाल्यावर ती मैत्रीण महिनाभरात पुन्हा स्केट्सवर उभी राहिली. दोघी मोठ्या झाल्या, कॉलेजं झाली, दर हिवाळ्यात स्वतःच्या हिमतीवर उत्तरेला जाऊन खेळून आल्या, आणि गेल्या वर्षी दोघींनी मिळून त्याच सिमेंटच्या कोर्टावर लहान मुलींची बॅच सुरू केली. ती मैत्रीण छोट्यांना आपले दात दाखवते. "हे दोन बघा. सगळ्यात झकास आहेत ना? कारण खोटे आहेत. जाळी लावा, नाहीतर तुम्हालाही झकास मिळतील."

यंदा त्या बॅचला लडाखला न्यायचं ठरलं आणि पुन्हा पालकांची बैठक लागली. जाळी की काच. नात मला न्यायला आली. म्हणाली, "आबा, तू ये ना. पालकांना काचच पाहिजे, व्हिडिओत चेहरा दिसतो म्हणून. तू सेफ्टीवाला, तुझं वजन पडेल. आणि सांग त्यांना, तेव्हा सरांनी डुप्लिकेट माल आणला म्हणून काय झालं ते. पालकांनी जे घ्यायचं ते बिलासकट घेतलं पाहिजे."

ती किती सहज बोलली ते. तिच्या दृष्टीने ते घडलेलं सत्य होतं. ते मीच तिला दिलं होतं.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "जा. आणि नीट सांगा."

ऑफिसात खुर्च्या नव्या होत्या, आई-वडील नवे होते. मैत्रिणीचे वडीलही येऊन बसले होते. टेबलावर तशाच वस्तू मांडलेल्या, फक्त आता वर काच आणि खाली जाळी असाही एक प्रकार निघाला आहे. नातीने माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो आणि आधी मालाबद्दल बोललो. म्हणालो, काच चांगली असते, तेव्हाचीही चांगली होती. डुप्लिकेट नव्हती. सरांनी पाण्याने पुसा म्हणून बजावलं होतं. मी काच पुसायच्या औषधाने पुसल्या, पेपरने घासून. लेप माझ्या हाताने गेला. मग मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.

नवीन पालकांना हे कोणाबद्दल चाललंय ते नीट कळलंही नसेल. नात माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी मैत्रिणीकडे वळलो. म्हणालो, "बाळ, तुझे दात माझ्यामुळे गेले. मला माफ कर."

तिने तोंडावर हात ठेवला होता. तो खाली घेतला. "दातांचं सोडा हो, आबा," ती म्हणाली. "सरांचं काय?"



तिचे वडील उठले. मला वाटलं, आता बोलतील आणि बोलायला हवंच. ते माझ्यापर्यंत आले, म्हणाले, मी तेव्हा सरांना फार बोललो होतो, आणि बाहेर गेले. मागाहून कळलं, ते पायऱ्यांवर बराच वेळ बसून होते. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या नमस्काराला नमस्कार केला. त्यापेक्षा जास्त मी मागू शकत नाही.

नात आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आमच्याकडे यायची, आजीशी बोलायची, जायची. मग एका सकाळी माझ्यासमोर चहाचा कप आदळून म्हणाली, "तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी रागावले असते आणि विसरले असते. आता मला नवीन राग येतोय, जुन्या गोष्टीचा. किती विचित्र वाटतं माहितीये?" मी म्हणालो, माहीत आहे. ती म्हणाली, "नाही माहीत." पण चहा पिऊन होईपर्यंत बसली.

बैठकीत जाळी ठरली, एकमताने. एका छोट्या मुलीला चष्मा आहे, तिच्यासाठी मोठ्या मापाची जाळी शोधली.

सरांचा पत्ता त्या दोघींनी आठवड्याच्या आत काढला. ते जोगेश्वरीला एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. मुलांना चाकांवर शिकवतात, बर्फावर मात्र त्यानंतर त्यांनी कोणाच्या मुलाला नेलं नव्हतं. दोघी जाऊन भेटल्या. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी हसत होत्या. सर रविवारी येणार, आवडलं तर लडाखलाही येणार.

त्या रविवारी मी कोर्टावर लवकर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते रात्रीपासून जुळवत होतो. सर आले. केस पिकायला लागले आहेत, बॅग तशीच मोठी. छोट्या मुली जाळ्या लावून रांगेत उभ्या होत्या, त्यांनी एकेकीची जाळी धरून हलवून पाहिली, हनुवटीचे पट्टे ओढून पाहिले. कोणाला तरी म्हणाले, ही इतकी सैल की तुझ्या मम्मीचं तोंड पण आत मावेल. मुली फिदीफिदी हसल्या. आवाज अजून तेवढाच मोठा.

मग माझ्याकडे आले. वाकून नमस्कार केला, मला काही करता येण्याच्या आत.

"सर, त्या काचा," मी सुरुवात केली.

"सोडा हो, काका," ते म्हणाले. "पोरींनी सांगितलं मला. लोड नका घेऊ. बसा ना, उभे का?"

त्यांनी माझा दंड धरून मला बाकावर बसवलं आणि शिट्टी वाजवत कोर्टाकडे गेले. त्यांचा हात धरून मला थांबवता आलं असतं. मी बसलो. मनातून सुटल्यासारखंही वाटलं, आणि तेच मला अजून खुपतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"त्यांना माहीत आहे सगळं."

"मी ते नाही विचारलं."

आता ते दर रविवारी येतात. मुली धपाधप पडतात, उठतात, आणि जाळीतून एकमेकींना चिडवतात. चष्मेवाली सगळ्यात पुढे असते. डिसेंबरअखेर सगळे निघणार आहेत आणि नात म्हणते, आबा, या वेळी व्हिडिओ कॉल करू, पण तू काही पुसायचं नाहीस. ती आता माझी चेष्टा करते, म्हणजे बरं चाललंय. मी बाकावर बसतो, मुलींच्या पाण्याच्या बाटल्या राखतो. खेळ संपला की सर दोन मिनिटं माझ्याजवळ बसतात, गुडघ्याची चौकशी करतात, जोगेश्वरीच्या ट्रॅफिकला शिव्या घालतात. दर वेळी मी तोंड उघडतो आणि ट्रॅफिकबद्दलच बोलतो. दुसऱ्याकडून कळणं वेगळं आणि माझ्या तोंडून ऐकणं वेगळं, त्यांचं ते ऐकायचं राहिलं आहे. जे म्हणायचं आहे ते फार लांब नाही.

सर, तुम्ही चारचौघांत मला विचारलंत, काका, कशाने पुसल्या, तेव्हा मला नीट माहीत होतं. तुम्ही आमच्या दारात उभे होतात तेव्हाही माहीत होतं. तुमचा माल चोख होता आणि तुमचं सांगणं बरोबर होतं. मी खोटं बोललो आणि तुमचं नाव गेलं. मला माफ करा.